कागदाची सुलट बाजू

ठाकुर्ली,
१२ फेब्रुवारी

प्रिय गुरुदत्त,

'प्रिय' लिहिलं आणि पेन खाली ठेवून चहा करायला गेले. परत आले तरी शब्द तिथेच होता, म्हटलं राहू दे. सत्तावीस वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात तरी रीतसर असावी. तुझं कुरिअर गेल्या आठवड्यात मंगळवारी मिळालं. पुठ्ठ्याचं नळकांडं, त्यावर फुग्यांचं प्लास्टिक, वर चिकटपट्टीचे चार वेढे. ते सोडवता सोडवता माझं नख तुटलं. आत तुझं टाइप केलेलं दीड पानांचं पत्र, मी सही करायचा एक कागद आणि माझ्या घराचा नकाशा. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुलीसुद्धा मारून पाठवलीस. नकाशा नेलास तेव्हा इतकी काळजी घेतली नव्हतीस. तुझ्या पत्रात 'आपलं घर' हे शब्द चारदा आले आहेत. मी दोनदा वाचून खात्री केली.

माझी खुशाली विचारली आहेस म्हणून सांगते. मी ठाकुर्लीतच आहे. बाबांनी घेतलेल्या त्या प्लॉटवर आता सात मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर माझी दीड खोली. भाऊ वरच्या मजल्यावर राहतो, त्याची मुलगी ऋतिका येऊन-जाऊन असते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत डोंबिवलीत एका इंजिनिअरकडे काम करत होते, शेवटची पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर. आता एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याचा व्हायचाय. लग्न केलं नाही. त्याचं कारण तू नाहीस, उगाच फुगू नकोस. थोडंफार असशील.

नौपाड्यातली आपली खोली आठवते का तुला? चष्म्याच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना, एक खिडकी आणि दोन टेबलं. तू नुकताच आर्किटेक्ट झालेला, दारावर तुझ्या नावाची पाटी. मी आयटीआयची ड्राफ्ट्समन, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तू लोकांशी गोड बोलायचास आणि मी काढायचे. हे मला तेव्हा अन्यायाचं वाटलं नव्हतं, खरं सांगते. तुला बोलता यायचं आणि मला रेघ यायची. संध्याकाळी तू टेबलाशी उभा राहून नुसतं बघायचास, शाईचं पेन कधी हातात धरलं नाहीस. बोटं काळी होतात म्हणायचास. मीही हसायचे. एवढ्या गोऱ्या बोटांचं कौतुक वाटायचं मला, आता काय बोलायचं!

एकदा तू स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड परदेशी पुस्तक आणलंस. समुद्रकाठच्या घरांची चित्रं. ती शिंगलची घरं होती. हातभर लांब अशी लाकडाची पातळ फळकुटं कौलांसारखी एकावर एक चढवायची, आणि तीही नुसती छपरावर नाही, भिंतींवरसुद्धा. आख्ख्या घराने एकच अंगरखा घातलाय असं दिसायचं. कुठे टोकदार कोपरा नाही, भिंत वळून पुढे गेलेली, रुंद ओटी, मध्ये मोठी खोली आणि बाकीच्या खोल्या तिच्यातच उघडणाऱ्या. आपण दोघं महिनाभर वेडे झालो होतो. तू म्हणालास, असं घर बांधायचं, ठाकुर्लीच्या प्लॉटवर, आपल्या दोघांसाठी. हे तू म्हणालास, गुरुदत्त. मी म्हटलं नव्हतं. मी फक्त काढायला बसले.

आठ महिने काढत होते. त्या पुस्तकातली घरं बर्फाच्या मुलखातली, आपल्याकडे चार महिने पाऊस धो धो कोसळतो आणि तोही पश्चिमेकडून झोडपत येतो. म्हणून मी पश्चिमेची भिंत जवळजवळ बंद ठेवली, वर दोन छोट्या खिडक्या, बस. तिच्यावर शिंगल दाट, प्रत्येक फळकुटाचं फक्त चार बोटं तोंड उघडं, बाकीचं वरच्याच्या पोटाखाली. मागे पट्ट्या ठोकून हवा खेळायला जागा. ओटी आणि मोठ्या खिडक्या पूर्वेला, पाऊस पोचत नाही तिकडे. तिथे शिंगल विरळ लावलं तरी चालतं, म्हणून विरळ, दिसायलाही छान. जिन्याच्या पायऱ्या मी बुटक्या केल्या, नेहमीच्या सात इंचांऐवजी पाच, कारण आईचे गुडघे गेले होते आणि ती आपल्याजवळ राहणार होती.

आता एक गोष्ट नीट सांगते. घराची चित्रं मी एका ट्रेसिंगच्या कागदावर काढायचे आणि आकडे नि खोल्यांची नावं त्याच्यावर ठेवायच्या दुसऱ्या कागदावर. चूक झाली तर सगळं खोडावं लागू नये म्हणून ही माझी पद्धत. ह्या घराचा दुसरा कागद मी केलाच नाही. आपल्याच घराला नावं कशाला लिहायची, कुठे काय आहे ते मला पाठ होतं. अक्षरं होती ती फक्त कागदाच्या तळाच्या पट्टीवर. माझं नाव, तारीख, मोजमापाची पट्टी आणि उत्तर दिशेचा बाण.

आई गेली तेव्हा मी पंधरा दिवस कामावर नव्हते. तू तिसऱ्या दिवशी येऊन बाबांजवळ बसलास, त्यांच्या हातावर हात ठेवलास, ते बाबा मरेपर्यंत सांगायचे. पंधरा दिवसांनी मी जिना चढून वर आले तर दारावर पाटी नव्हती. तुझं टेबल नव्हतं. माझ्या टेबलावर ती तळाची पट्टी ठेवलेली होती, तेवढीच. फूटपट्टी धरून ब्लेडने कापलेली, अगदी सरळ. तू आयुष्यात मारलेली तेवढीच एक सरळ रेघ. वर चिठ्ठी नाही, काही नाही. महिन्याभरात तुझं लग्न ठरल्याचं कळलं, ठाण्यातल्या एका बिल्डरच्या मुलीशी, कादंबरी तिचं नाव. कादंबरीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तिने माझं काही नेलं नाही.

मला राग येत होता म्हणजे किती, ते तुला कळावं म्हणून सांगते. ठाण्याला कोर्टनाक्यावर काम निघालं तर मी नौपाड्यातून जायचं टाळायचे, भर उन्हात वळसा घालायचे. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला की त्या पानावर मुद्दाम लसूण सोलायचे. तुझ्या एखाद्या इमारतीची गच्ची गळते असं कोणी सांगितलं की त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे. माणसाने इतकं कोतं असू नये, माहीत आहे मला. पण तू माझं नाव कापून माझ्याच टेबलावर ठेवलं होतंस. नुसतं चोरलं असतंस तर कदाचित मी विसरले असते.

चार वर्षांपूर्वी ऋतिकाने मोबाइलवर तुझी ती घरं दाखवली. तू बंगल्यांचे तयार नकाशे विकतोस, शिंगल स्टाइल, आणि मुरबाड रस्त्याला तशा सात घरांची वसाहत उभी केलीस, 'पानवारा'. फोटो बघताच मी घर ओळखलं. त्याखाली तुझी मुलाखत होती. बुटक्या पायऱ्यांबद्दल तू म्हणाला होतास की त्या माणसाची गती मंद करतात, निसर्गाकडे जाताना त्याला आत वळायला लावतात. मी इतकी हसले की ऋतिका घाबरली. आईचे गुडघे होते ते, शहाण्या! मग हसता हसता मी रडायला लागले, आणि तिला काही सांगितलं नाही.

पुढचं मात्र तुला ठाऊक नसणार. आमच्या वाचनालयात विठ्ठलराव म्हणून एक गृहस्थ येतात, रेल्वेत सिग्नलच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांनी डोंबिवलीचा फ्लॅट मोडून तुझ्या पानवाऱ्यात घर घेतलं. मी कोण, काय करायचे, त्यांना काही माहीत नव्हतं. गेल्या श्रावणात त्यांनी सत्यनारायणाला बोलावलं, त्यांची मुलगी रसिका गाडीने घेऊन गेली. मी का गेले असेन? मोडकं-तोडकं काही सापडलं तर बघायला मिळेल म्हणून. तोंडावर मात्र प्रसादाची ओढ.

पाऊस लागला होता. मी चपला काढून दारातून आत गेले. जे घर मी आठ महिने काढलं, ज्यात मी मनातल्या मनात शेकडो वेळा फिरले, त्याच्यात पहिल्यांदा पाय ठेवला. मी कोणाला न विचारता डावीकडे वळले, कारण स्वयंपाकघराचं दार डावीकडे आहे. आणि खांद्याने भिंतीवर आपटले. विठ्ठलराव मागून ओरडले, "अहो बाई, जपून, तिथे भिंत आहे!" मी उजवीकडे बघितलं तर दार तिथे होतं. जिना मी ठेवला त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. खिडकीतली बसायची जागा विरुद्ध बाजूला. मला वाटलं, वय झालं, डोकं फिरलं. मग ओटीकडे गेले आणि पावसाची झड थेट माझ्या तोंडावर आली. ओटी पश्चिमेला होती.

सगळं घर उलटं होतं, गुरुदत्त. आरशात दिसावं तसं. मोठ्या खिडक्या आणि विरळ शिंगल पावसाच्या तोंडी, आणि माझी ती दाट बंद भिंत पूर्वेला, जिकडे थेंब पडत नाही. फळकुटं काळी पडून कडेने वर वळली होती, एका जागी त्यांच्यातून अळंबी उगवलेली. हाताने एक ओढलं तर निघून आलं, भिजल्या पावासारखं. पूजा चालू असताना रसिका मागच्या मागे बादल्या बदलत होती. विठ्ठलरावांची बायको, हौसाबाई, त्यांना दम्याचा त्रास. त्यांचा पलंग स्वयंपाकघरात आणून ठेवला होता, ओट्याला चिकटून, कारण तेवढीच खोली कोरडी. त्या मला म्हणाल्या, "बाई, देवासारख्या माणसाने काढलेलं घर म्हणतात हो, आम्हालाच राहता येत नाही."

परतताना गाडीत मला उलगडलं. तू मुद्दाम उलटवलं नव्हतंस. तेवढीही अक्कल त्यात नव्हती. ट्रेसिंगचा कागद दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. शाईची बाजू कोणती हे कळायला नख फिरवावं लागतं, शाईची रेघ नखाला लागते, आणि ब्लेडने चूक खरवडली असेल तिथे कागद खरबरीत होतो. आमच्यातला शिकाऊ पोरगाही पहिल्या आठवड्यात हे शिकतो. नाहीतर मग अक्षरं बघायची. आणि त्या कागदावर होती तेवढी सगळी अक्षरं, दिशेच्या बाणासकट, तू कापून माझ्या टेबलावर ठेवली होतीस. उरलेला कागद घेऊन बसलास, आणि सुलट बाजू कोणती ते तुला कळलं नाही. तुझ्या ऑफिसमध्ये कुणालाच कळलं नाही. माझं नाव कागदावर असू दिलं असतंस तर ती सात घरं आज कोरडी असती.

आठवडाभर मी मजेत होते. लपवत नाही. श्रीखंड आणून खाल्लं. आठव्या दिवशी वाचनालयात विठ्ठलराव भेटले, म्हणाले हौसाबाईंना दवाखान्यात ठेवलंय, छातीत कफ. मी घरी येऊन बसले. सूड तुझ्यावर उगवायचा होता आणि भिजत होती ती म्हातारी, जी तुला कधी भेटली नाही आणि मलाही एकदाच. पण मी तेव्हा बोलले नाही. बोलून काय करणार होते? नकाशा तुझ्याकडे, माझ्याकडे हातभर लांबीची एक पट्टी. एका रिटायर ड्राफ्ट्समन बाईचं कोण ऐकणार? पुढे त्या सातही घरवाल्यांनी मिळून ठाण्याला ग्राहक आयोगात तक्रार केली, हे त्यांच्याकडूनच कळलं.

आणि आता तुझं पत्र. मूळ संकल्पना वासंतीची, हे जगासमोर मान्य करायची वेळ आली आहे, असं लिहिलंस. तू विकतोस त्या नकाशांच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येकावर माझं नाव येईल म्हणालास. फक्त सोबतच्या कागदावर सही करायची, वीस तारखेच्या आत. तो कागद मी पाच दिवस उशाशी ठेवला. मला मोह झाला, आणि साधा नाही. रविवारी सकाळी मी वहीच्या मागच्या पानावर सही करून बघितली. सत्तावीस वर्षं मला तेवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, हे घर हिने काढलं. आणि ते म्हणणारा माणूस तू, म्हणजे तर काय!

सोमवारी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. 'सदर नकाशा सर्व तांत्रिक तपशिलांसह मी स्वतः तयार केला असून तो जसाच्या तसा वापरण्यात आला आहे.' जसाच्या तसा. म्हणजे घर गळतं ते वासंतीमुळे. माझं नाव मला परत मिळणार ते कुजलेल्या फळकुटांवर आणि हौसाबाईंच्या छातीवर लिहून. ओळख पटावी म्हणून मूळ नकाशाही पाठवलास, मला बघून बरं वाटेल असं लिहिलंस. तुला वाटलं, ती अजून तीच वासंती आहे, टेबलाशी उभं राहून गोड बोललं की झालं.

बरं मात्र वाटलं. मी नकाशा पलंगावर पसरला आणि पूर्ण कागदावर नख फिरवलं. आईच्या पायऱ्यांपाशी मी एकदा चुकले होते, तिथे ब्लेडची खरवड अजून हाताला लागते. मग कपाटातून पट्टी काढली आणि सुलट बाजू वर ठेवून कापलेल्या कडेला लावली. केसाइतकंही अंतर राहिलं नाही. उत्तरेचा बाण जागेवर बसला आणि पश्चिमेची भिंत पश्चिमेला गेली. कागद उलटा केला की पट्टी जुळते, पण अक्षरं उलटी दिसतात. ऋतिकाने दोन्ही बाजूंचे फोटो काढले. नंतर मी नळकांडं काखेत मारून रिक्षाने विठ्ठलरावांनी हौसाबाईंसाठी डोंबिवलीत घेतलेल्या भाड्याच्या घरी गेले, आणि मी कोण ते त्यांना सांगितलं. श्रावणापासून माहीत होतं आणि गप्प राहिले, हेही सांगितलं. विठ्ठलराव नळकांड्यातून नकाशा काढून खिडकीपाशी घेऊन गेले. मग हौसाबाईच म्हणाल्या, "आता आलात ना."

हे वाचताना तुला वाटत असेल, वासंतीला झालंय काय, जे मला माहीत आहे तेच मला कशाला सांगतेय. शिंगल म्हणजे काय, ट्रेसिंगची बाजू कशी ओळखतात, नौपाड्यातली खोली कुठे होती. त्याचं असं आहे की बुधवारी मी विठ्ठलरावांच्या वकीलबाईंकडे ठाण्याला गेले होते. त्या म्हणाल्या, सगळी हकिगत क्रमाने लिहून द्या. मी म्हटलं, निवेदन मला जमणार नाही, मी पत्र लिहिते. त्यांनी विचारलं, लग्नाचा आणि बाकीचा खाजगी मजकूर आहे तो वगळू या का? मी म्हटलं, एकही ओळ वगळायची नाही, लाज वाटायची ती मला पुष्कळ वाटून झाली. तेव्हा तुझ्या हातात पडलंय ती झेरॉक्स आहे. मूळ पत्र, नकाशा, तू पाठवलेला बिनसहीचा कागद त्याच्यावरच्या पेन्सिलीच्या फुलीसकट, आणि तुझं दीड पान, हे सगळं माझ्या प्रतिज्ञापत्राला जोडून तू हे वाचशील तोवर आयोगात दाखल झालेलं असेल. चोवीस तारखेच्या सुनावणीत हे पत्र तिथे मोठ्याने वाचलं जावं अशी मी विनंती केली आहे, आणि सातही घरची माणसं ऐकायला येणार आहेत. मला उत्तर पाठवू नकोस. जे सांगायचं असेल ते त्यांना सांग.

एके काळी तुझीच होते ती,

वासंती मधुकर टिपणीस
ड्राफ्ट्समन